माळरानाचे वैद्य

वाचकहो, अमेरिकेहून आलेल्या पाहुण्याला आपण विचारतो, "काय काय पाहिलंत?" तो न्यूयॉर्कच्या उंच इमारती सांगतो, नायगाराचा धबधबा सांगतो. आज मी तुम्हाला त्या देशातल्या अशा जागी घेऊन जाणार आहे की जिथे पाहायला आहे ते नुसते गवत. पण हे गवत आपोआप उगवलेले नाही. ते माणसांनी लावले, आणि तेही गुरांना घालण्यासाठी किंवा विकण्यासाठी नव्हे. तिथला मूळ माळ नांगराखाली गेला होता, तो माळ परत आणायचा म्हणून लावले. मोडलेला माळ असा पुन्हा उभा करण्याचे जगातले सर्वांत जुने काम म्हणून ही जागा ओळखली जाते.

आता या कामाचा एक व्यवसाय झाला आहे. आजारी माणसाला डॉक्टर, आजारी गुराला पशुवैद्य, तसा खराब झालेल्या माळाला, रानाला, पाणथळीला बरे करणारा जाणकार. २०१७ सालापासून अशा जाणकारांना एक रीतसर प्रमाणपत्रही मिळू लागले आहे. हे प्रमाणपत्र म्हणजे काय, ते कोणाला मिळते आणि तसा माणूस उद्या आपल्या गावच्या गायरानावर आला तर त्याला काय विचारायचे, हे समजून घ्यायचे तर आधी तो माळ पाहायला हवा. चला तर.

काळ्या जमिनीचा देश

शिकागो शहर सोडून वायव्येकडे सुमारे दीडशे मैल गेले की विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन लागते. वाटेत दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन दिसते. मधूनमधून उंच गोल कोठारे आणि काळ्यापांढऱ्या गाई. आपण ज्यांना एच.एफ. म्हणतो त्याच ह्या होल्स्टीन गाई. हे राज्य दुधाचे राज्य म्हणूनच नावाजलेले आहे.

इथली जमीन काळी. पण तिचे काळेपण आपल्या काळीसारखे नाही. आपली काळी जमीन बेसॉल्टचा खडक झिजून झाली. इथल्या माळांची काळी केली ती गवताच्या मुळांनी. इथले उंच गवत पुरुषभर वाढे आणि त्याची मुळे जमिनीत आठ-दहा फूट खाली जात. दरवर्षी काही मुळे मरायची, कुजायची, त्यांचे खत व्हायचे. हजारो वर्षे हे चालले. त्या मुळांच्या जाळ्यात ओतीव लोखंडाचा नांगर अडे, चिकट माती फाळाला धरून बसे आणि शेतकऱ्याला पावलापावलाला थांबून ती खरवडावी लागे. १८३७ साली शेजारच्या इलिनॉय राज्यातल्या जॉन डीअर नावाच्या लोहाराने गुळगुळीत पोलादाचा नांगर केला. माती त्यावरून घसरून जाऊ लागली. पुढच्या काही दशकांत माळच्या माळ उलथले गेले. आज विस्कॉन्सिनमध्ये मूळ माळ शेकडा एक टक्कासुद्धा उरलेला नाही.

त्यात शेतकऱ्याचा दोष काय? त्याला पोट होते, मुलेबाळे होती. जमीन चांगली होती म्हणूनच ती नांगरली गेली. पण जमिनीचे देणे कधी ना कधी फेडावे लागते. १९३० नंतरच्या वर्षांत तिथे दुष्काळ पडला, पश्चिमेकडच्या राज्यांत माती वाऱ्याने उडू लागली आणि धुळीच्या वावटळींनी दिवसा अंधार केला. त्याच वेळी देशभर मंदी. हाताला काम नाही आणि जमिनीला जीव नाही, अशी दुहेरी ओढ होती.

घोड्यांच्या कुरणावर तरुणांची छावणी

मॅडिसन शहर दोन मोठ्या तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. जवळच विंग्रा नावाचे आणखी एक तळे आहे. त्याच्या काठी विस्कॉन्सिन विद्यापीठाचे अर्बोरेटम, म्हणजे वृक्षोद्यान आहे. विस्तार सुमारे १,२०० एकर. १९३४ सालच्या जून महिन्यात त्याचे उद्‌घाटन झाले. त्या वेळी बोलायला उभे राहिले प्राध्यापक आल्डो लिओपोल्ड. शोभेची झाडे लावून बाग करावी, असा त्यांचा विचार नव्हता. गोरे लोक येण्यापूर्वी विस्कॉन्सिनची भूमी कशी होती त्याचा एक नमुना इथे पुन्हा उभा करायचा, असा त्यांचा मानस होता.

ज्या तुकड्यावर माळ करायचा ठरला ती पूर्वीची शेतजमीन. नांगरून, पिके काढून झाल्यावर तिथे घोडे चरत. मग काम कोणी करायचे? सरकारने बेकार तरुणांसाठी एक योजना काढली होती. तरुणांनी छावणीत राहायचे, झाडे लावायची, बांध घालायचे, रस्ते करायचे. महिन्याला ३० डॉलर मिळत, त्यांतले २५ थेट घरी आईबापांना जात. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर ज्यांनी खडी फोडली, पाझर तलाव बांधले, त्यांना हे वेगळे सांगायला नको. मॅडिसनच्या अर्बोरेटममध्ये अशी छावणी १९३५ ते १९४१ पर्यंत होती.

थिओडोर स्पेरी नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ या पोरांचा मुकादम होता म्हणा ना! रेल्वेच्या कडेला, जुन्या स्मशानांत, कोठे टेकाडावर मूळ माळाचे तुकडे शिल्लक होते. तिथून मातीसकट गवताचे ठोकळे कापून आणायचे, बी गोळा करायचे, बियांसकट वाळले गवत आणून पसरायचे आणि कोणती जात कोठे लावली त्याची नोंद ठेवायची. आज हा माळ सुमारे सत्तर एकरांचा आहे. पुढे ज्यांनी त्याचा अभ्यास केला त्या जॉन कर्टिस यांच्या नावाने त्याला कर्टिस प्रेअरी म्हणतात. प्रेअरी म्हणजे गवताळ माळ.

ऑगस्ट महिन्यात तिथे गेलात तर बिग ब्लूस्टेम नावाचे गवत तुमच्या डोक्यावर गेलेले असेल. त्याच्या तुऱ्याला कोंबडीच्या पायासारखी तीन बोटे फुटतात. परके वाटले तरी हे गवत आपल्या नात्यातले आहे. आपली ज्वारी, ऊस, मका आणि बांधावरचे मारवेल ही सारी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने याच भावकीतली. शेजारी पिवळ्या फुलांचे एक उंच झुडूप असते. त्याची पाने उत्तर-दक्षिण कडा करून उभी राहतात, म्हणून त्याला होकायंत्राचे झाड म्हणतात.

विस्तवाने शिकवलेला धडा

लागवड झाली, पण पेच सुटला नाही. युरोपातून आलेले ब्लूग्रास नावाचे आखूड कुरणाचे गवत सगळीकडे माजले आणि लावलेल्या माळाला दाबू लागले. खुरपून किती खुरपणार? मग १९४० नंतर कर्टिस आणि त्यांचे सहकारी मॅक्स पार्च यांनी लहान लहान वाफ्यांवर विस्तवाचे प्रयोग केले. वसंत ऋतूत वाफे जाळून पाहिले, काही न जाळता ठेवले. जाळलेल्या वाफ्यांत ब्लूग्रास मागे हटले आणि माळाचे गवत जोराने आले.

कारण सोपे आहे. ब्लूग्रास थंडी सरता सरता लवकर हिरवे होते, म्हणून त्या वेळच्या आगीत ते सापडते. माळाचे मूळ गवत उशिरा जागे होते, त्याचा कोंब तेव्हा जमिनीखाली सुरक्षित असतो. वरचे वाळके पाचट जळाले की ऊन मातीला लागते आणि तो कोंब जोमाने वर येतो. १९५० पासून तिथे ठरलेल्या क्रमाने, वारा पाहून, पाण्याची तयारी ठेवून माळ जाळतात.

हे वाचून कोणी काडी घेऊन गायरानाकडे निघू नका! तिथला हंगाम वेगळा, गवत वेगळे. बेहिशेबी वणव्याने आपल्याकडे काय होते ते आपण पाहतोच. प्राध्यापक लिओपोल्ड यांचा अंतसुद्धा असाच झाला. १९४८ च्या एप्रिलमध्ये शेजाऱ्याच्या शेतात लागलेली गवताची आग विझवायला ते धावले आणि तिथेच हृदयविकाराने गेले.

पण या विस्तवाच्या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, आणि ती नीट ऐकण्यासारखी आहे. हा सारा मुलूख मुळात हो-चंक नावाच्या आदिवासींचा. ते व त्यांच्यासारखे इतर लोक पिढ्यान्‌पिढ्या माळ जाळत आले होते. कधी जाळावा, का जाळावा, हे त्यांना ठाऊक होते. १८३२ च्या कराराने ही जमीन त्यांच्याकडून गेली आणि सरकारने त्यांना पुन्हा पुन्हा इथून हाकलले. माणसे गेली तशी आगीची रीत गेली. शंभर वर्षांनी तीच गोष्ट प्राध्यापकांना वाफे आखून पुन्हा शोधून काढावी लागली. ज्याला ठाऊक होते त्याच्याकडे पदवी नव्हती, म्हणून त्याला कोणी विचारले नाही.

शेतकऱ्यांची सही आणि एका कुटुंबाची फावडी

मॅडिसनपासून वायव्येला शंभराहून अधिक मैलांवर कून व्हॅली नावाचे खोरे आहे. उतार तीव्र, त्यावर सरळ नांगरट, डोंगरावर गाई मोकाट. पावसाळी ओढ्यांनी शेते फोडून घळी पाडल्या होत्या. १९३३ साली अमेरिकन सरकारने मृदसंधारणाचे पहिले प्रात्यक्षिक याच खोऱ्यात घेतले. शेतकऱ्यांशी पाच वर्षांचे करार झाले. सरकारने मजूर, बी-बियाणे, सल्ला द्यायचा आणि शेतकऱ्याने उताराला आडवी पेरणी करायची, पट्ट्यापट्ट्यांनी पिके घ्यायची, तीव्र उतारावर गाई सोडायच्या नाहीत. शेकडो शेतकऱ्यांनी सह्या केल्या. आज त्या खोऱ्यात गेलात तर डोंगराला वळसे घालून जाणारे हिरवे-पिवळे पट्टे दिसतात आणि ओढ्यांत मासे आहेत. यातल्या एकाही शेतकऱ्याजवळ प्रमाणपत्र नव्हते. त्यांच्याजवळ जमीन होती, गरज होती आणि दिलेला शब्द पाळण्याची रीत होती.

तसेच लिओपोल्ड यांचे घर. १९३५ साली त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी एक पार कस गेलेले शेत घेतले. घर जळालेले, उभा होता तो कोंबड्यांचा एक खुराडा. त्यातले शेण उपसून त्यांनी राहायला खोपटे केले. नवरा-बायको आणि पाच मुले सुटीच्या दिवशी फावडी घेऊन जात. सुरुवातीची बहुतेक रोपे दुष्काळाने मेली. पुढल्या वर्षी पुन्हा लावली, त्याच्या पुढल्या वर्षी पुन्हा. अशी हजारो झाडे झाली. त्या पाच मुलांतली तिघे पुढे देशाच्या विज्ञान अकादमीवर निवडून गेली. रोपे मेल्यावर पुन्हा खड्डा खणायचा असतो, हे ती त्या शेतातच शिकली असणार.

मग प्रमाणपत्र कशाला?

कोणीही विचारील की, फावडे आणि चिकाटी एवढेच लागत असेल तर प्रमाणपत्राचे काम काय?

काम वाढले, पैसा आला, की हौशी माणसाबरोबर भोंदूही येतो. खाण खणून झाली की कंपनीने जमीन पूर्ववत करावी, रस्ता करताना पाणथळ बुजवली तर दुसरीकडे करून द्यावी, असे कायदे अनेक देशांत झाले. कंत्राटे निघाली. कोणीही चार रोपे लावून "झाले पूर्ववत" म्हणू लागला. २०२१ ते २०३० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी बिघडलेली निसर्गव्यवस्था सावरण्यासाठी जाहीर केले, तेव्हा तर या कामाला जगभर बोलबाला मिळाला. मग खरा वैद्य कोणता आणि वैदू कोणता, हे ओळखायचे कसे?

या कामात असलेल्यांची एक आंतरराष्ट्रीय संस्था १९८८ साली निघाली, सोसायटी फॉर इकॉलॉजिकल रिस्टोरेशन. सुरुवातीच्या काळात तिचा कारभार मॅडिसनच्या याच अर्बोरेटममधून चाले. तिने २०१७ मध्ये प्रमाणपत्राची पद्धत सुरू केली. दोन पायऱ्या आहेत. नुकता शिकून बाहेर पडलेला, किंवा अनुभव अजून पुरा न झालेला, तो शिकाऊ. ज्याचा अभ्यास पुरा आहे आणि पाच वर्षांहून अधिक काळ प्रत्यक्ष कामाचा अनुभव आहे, तो प्रमाणित. अभ्यासात झाडे-प्राणी यायला हवेत, माती-पाणी यायला हवे, मोजमाप आणि हिशेब यायला हवा. शिवाय नीतिनियमांना बांधून घ्यावे लागते. आणि हे प्रमाणपत्र जन्मभराचे नसते. दर पाच वर्षांनी नवे शिक्षण घेतल्याचे दाखवून ते पुन्हा मिळवावे लागते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हा परवाना नव्हे. प्रमाणपत्र नसले तर कोणी माळ सुधारू नये, असे हे कागद म्हणत नाहीत. ते घेणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे.

काम कितपत साधले हे ठरवायची एक पट्टीही त्या संस्थेने केली आहे. सहा गोष्टी पाहायच्या. धोका थांबला का? माती-पाणी सुधारले का? तिथल्याच जाती आल्या का? लहान-मोठी, वरची-खालची अशी रचना तयार झाली का? परागण, कुजणे, वाढणे अशी सारी कामे चालू झाली का? शेजारच्या रानाशी येणे-जाणे जुळले का? प्रत्येकीला एक ते पाच तारे. आणि हे सारे कशाशी ताडून पाहायचे? तर त्या जागी मूळ काय होते, किंवा काय असायला हवे होते, त्याच्याशी. हा मूळ नमुना ठरवणे ही सगळ्यांत अवघड पायरी. विस्कॉन्सिनमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या जमीन मोजणीदारांच्या वह्या कामी आल्या. मोजणीचा खुंट रोवताना जवळचे झाड कोणते, हे ते लिहून ठेवत.

कर्टिस माळाला आज पाच तारे द्याल का? नाही देता यायचे. त्याच्या कडेने मोठा हमरस्ता जातो, शहराचे पावसाचे पाणी गाळ घेऊन आत येते आणि त्या ओलीवर दुसरेच एक चिवट गवत माजते. नव्वद वर्षे होत आली तरी काम चालूच आहे. माती एका हंगामात बिघडते, पण बरी व्हायला तीन पिढ्या लागतात.

आपल्या माळावर

आता घरी येऊ. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे, सातारा, बीड या भागांतले आपले माळ तुम्ही पाहिलेच आहेत. पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी, मधूनच हिवर, बोर, तरवड. सरकारदरबारी यातल्या बऱ्याच जमिनीला पडीक म्हणायची सवय आहे. पडीक म्हटले की सुधारणा आली. सलग चर खणायचे आणि सुबाभूळ किंवा गिरिपुष्प लावायचे. हेतू वाईट नसतो. पण जो मुळातच गवताचा माळ आहे तिथे चर खणून मुळांचे जाळे तोडले, वर सावली केली, तर गवत जाते. गवत गेले की मेंढरांची चराई जाते, माळढोक आणि काळवीट यांची जागा जाते. रोग नसताना दिलेले औषध म्हणतात ते हेच.

"पण इथे पूर्वी दाट जंगल होते, ते तोडल्याने माळ झाला," असे पुष्कळजण सांगतात. २०२५ साली आपल्याकडच्या संशोधकांनी याचा शोध मोठ्या नवलाच्या ठिकाणी घेतला. त्यांनी जुने मराठी संतवाङ्मय, कथा, गाणी यांत आलेली रानझाडांची नावे गोळा केली. पंढरपूरला कान्होपात्रेशी जोडलेली तरटी आपल्याला ठाऊक आहे. ती उघड्या, कोरड्या माळाची वनस्पती. अशा नावांवरून त्यांनी दाखवले की पश्चिम महाराष्ट्रातले हे माळ निदान साडेसातशे वर्षे माळच आहेत. तिकडे मोजणीदारांच्या वह्या, तर आपल्याकडे आजीच्या तोंडच्या ओव्या!

तेव्हा उद्या तुमच्या गावात कोणी जाणकार आला, प्रमाणपत्र असो वा नसो, त्याला ग्रामसभेत बसवून चहा द्या आणि एवढे विचारा. या जागी पूर्वी काय होते, हे तुम्ही कशावरून ठरवले? नुकसान मुळात कशाने होते, आणि ते आधी थांबवणार का? लावणार ती जात इथलीच आहे का? गुराख्यांना, मेंढपाळांना आणि गवत कापणाऱ्या बायकांना विचारले का? पाच वर्षांनी मोजायला कोण येणार? जो खरा शिकलेला असेल त्याला या प्रश्नांचा राग येणार नाही. तो वही उघडून तुमच्याजवळ सरकून बसेल.

घरातली शिकलेली मुलगी किंवा मुलगा वनस्पतिशास्त्र, शेतकी किंवा वनशास्त्र घेत असेल तर त्यांना सांगा की, माळ आणि ओढे बरे करणे हाही आता पोटापाण्याचा व्यवसाय आहे आणि त्याची रीतसर वाट आहे. पण त्या वाटेवर निघण्याआधी एक काम त्यांनी घरीच करावे. या पावसाळ्यानंतर, गवत तुऱ्यावर आले की आजी-आजोबांना किंवा वस्तीवरच्या धनगरबाबांना बरोबर घेऊन गायरानात एक फेरी मारावी. प्रत्येक गवताचे गावातले नाव, ते कोठे उगवते, कोणते जनावर ते खाते आणि पूर्वी ते किती होते, हे एका वहीत लिहावे. ती वही ग्रामपंचायतीच्या कपाटात राहू द्या. हो-चंक लोकांना तशी वही कोणी मागितली नव्हती.